लाल देऊळ, जुनी मशीद आणि माझगावची शाळा : चौकटीतल्या एका चित्राभोवतीचा इतिहास

पुणे कॅम्पात, मोलेदिना रस्त्यावर, लाल विटांची एक उंच वास्तू उभी आहे. टोकदार कमानी, उतरते छप्पर, सुमारे ९० फुटांचा मनोरा आणि त्यावर घड्याळ. या वास्तूचे जुने छापील चित्र चौकटीत बसवून कुणाच्या भिंतीवर लावलेले दिसले, तर पाहणारा पहिल्या नजरेत त्याला चर्च म्हणेल. चित्राखालची बारीक ओळ वाचल्यावर कळते की हे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग आहे. नाव ओहेल डेव्हिड, अर्थात दाविदाचा तंबू. पुणेकरांनी मात्र हे हिब्रू नाव कधी तोंडात बसवून घेतले नाही. त्यांनी रंग पाहिला आणि ‘लाल देऊळ’ म्हटले.

मुंबईत मांडवीच्या गर्दीत असेच आणखी एक प्रार्थनास्थळ आहे. ते याहून बरेच जुने आणि दिसायला कितीतरी साधे. त्याला तिथले यहुदी स्वतःच ‘जुनी मशीद’ म्हणत. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. एकाच धर्माची दोन घरे. दिसायला एक चर्चसारखे, बोलताना एक देऊळ आणि दुसरे मशीद. महाराष्ट्रातील यहुद्यांचा इतिहास या नावांच्या गुंत्यातूनच सुरू करणे सोयीचे आहे.

जुन्या चित्रांचा एक दोष असा की त्यांत इमारत तेवढी मावते. ती कोणी बांधली, तिच्या दारातून आत कोण जाऊ शके, आत गेलेल्याला पोथी वाचायचा मान मिळे की नाही, आणि ती पोथी त्याला वाचता तरी येत होती का, हे प्रश्न चौकटीबाहेर राहतात. लाल देवळाच्या बाबतीत तर हे प्रश्नच अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधायला पुण्याहून आधी कोकणात उतरावे लागते.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही घटना नेमकी कोणत्या शतकातली, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण त्यानंतरचे चित्र स्पष्ट आहे. हे लोक कोकणातल्या खेड्यांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि गावांवरून आडनावे घेऊ लागले. किहीमचे केहिमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिवेआगरचे दिवेकर. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गावाच्या हिशेबात फरक एवढाच होता.

शब्बाथ पाळणे, आठव्या दिवशी मुलाची सुंता, काही निषिद्ध अन्न आणि ‘शेमा’ ही श्रद्धावचनाची प्रार्थना, इतका वारसा या समाजाने जपला होता. हिब्रू लिपी मात्र बहुतेकांच्या हातून निसटली होती. धर्मविधी चालवणाऱ्याला ते ‘काजी’ म्हणत. शेजारचा मुसलमान ज्या शब्दांनी मूर्तीविना उपासना व्यक्त करी, तेच शब्द यांनाही जवळचे वाटले असणार. प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ हे नाव त्याच वाटेने आले. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत बेने इस्रायलांकडे स्वतंत्र प्रार्थनास्थळ नव्हतेच. प्रार्थना घरी होई.

पहिले उभे राहिले ते १७९६ साली, मुंबईत. ते बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर, मराठी तोंडवळ्याच्या नावाने सामाजी हसाजी दिवेकर, हे कंपनीच्या फौजेतले देशी अधिकारी. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. समाजात सांगितली जाणारी हकीकत अशी : कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा यांनी ‘बेने इस्रायल’ असे सांगितले. कुराणात उल्लेखलेले हे लोक आपण कधी पाहिले नाहीत, यांना मारू नये, अशी रदबदली टिपूच्या आईने केली. सुटका होऊन परतल्यावर कृतज्ञता म्हणून दिवेकरांनी सिनेगॉग बांधले. आईच्या रदबदलीचा भाग कागदोपत्री तपासणे अवघड आहे. कैद, सुटका आणि १७९६ चे बांधकाम मात्र या समाजाच्या इतिहासाचे पक्के खांब मानले जातात. पुढच्याच वर्षी दिवेकरांचा कोचीनला मृत्यू झाला. आपल्या सिनेगॉगसाठी तोराची गुंडाळी मिळवायला ते तिकडे गेले होते, असे सांगतात.

हा तपशील नजरेआड करू नये. घर बांधून झाले होते, पण त्यात ठेवायचा ग्रंथ आणि तो वाचणारा, दोन्ही बाहेरून आणायचे होते. म्हणूनच कोचीनचे यहुदी शिक्षक या समाजात गुरूंच्या जागी मानले गेले.

(जुनी चित्रे जमवणाऱ्यांसाठी एक सूचना : आज सॅम्युअल स्ट्रीटवर उभी असलेली शआर हारहमीम, म्हणजे ‘दयेचे द्वार’, ही वास्तू १७९६ ची नाही. सिनेगॉग तिथे १८६० मध्ये हलवले गेले. तेव्हा आजच्या दर्शनी भागाशी जुळणाऱ्या एखाद्या चित्राखाली ‘१७९६’ लिहिलेले असेल, तर ते साल संस्थेचे समजावे, इमारतीचे नव्हे. शिवाय एकोणिसाव्या शतकातली कोरीव छापचित्रे पुष्कळदा दुसऱ्याच्या रेखाटनावरून किंवा छायाचित्रावरून, दूर युरोपात बसलेला कारागीर तयार करी. त्याने ती जागा पाहिलेली असेलच असे नाही. आजूबाजूची झाडे आणि माणसे तर त्याने बिनदिक्कत मनाने भरलेली असत.)

आता शाळेकडे वळू. बेने इस्रायलांना हिब्रू परत मिळवून देण्यात मोठा वाटा होता तो ख्रिस्ती मिशनऱ्यांचा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. त्यांत बेने इस्रायल मुले शिकू लागली आणि काही बेने इस्रायल तरुण तिथेच शिक्षकही झाले. पुढे १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने चालते, तेच हे. १८३२ मध्ये त्यांनी हिब्रू भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. बायबलची मूळ भाषा, शिकवणारा स्कॉटिश, शिकणारा कोकणचा तेली आणि मधला पूल मराठी.

विल्सनांचा हेतू लपलेला नव्हता. यहुदी माणूस आपला जुना करार मुळातून वाचू लागला की तो ख्रिस्ताकडे येईल, ही त्या काळच्या मिशनऱ्यांची खात्री होती. झाले ते उलटेच. धर्मांतर करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकीचे शाळेत हिब्रू शिकले, घरी गेले आणि आपल्या सणांचे विधी पूर्वीपेक्षा अधिक नेमकेपणाने पाळू लागले. मिशनच्या शाळेने बेने इस्रायलांना ख्रिस्ती करण्याऐवजी अधिक यहुदी केले. शिक्षणाच्या इतिहासात असा उलटा परिणाम इतक्या ठळकपणे क्वचितच दिसतो.

याच सुमारास मुंबईत दुसरे यहुदी आले. डेव्हिड ससून १७९२ मध्ये बगदादला जन्मले. तिथल्या शासकांच्या जाचामुळे ते बाहेर पडले आणि १८३० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत स्थायिक झाले. कापूस आणि चीनकडे जाणारी अफू यांच्या व्यापारातून ससून घराण्याने अफाट संपत्ती मिळवली. तिचा एक हिस्सा दानधर्मात गेला आणि त्यातून मुंबई-पुण्यात दगडाविटांच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६० च्या दशकात बांधले गेले. पुण्याच्या लाल देवळाचे काम १८६३ मध्ये सुरू झाले आणि १८६७ मध्ये संपले. पुण्यातले ससून रुग्णालय त्याच काळातले. देवळाचा आणि रुग्णालयाचा आराखडा एकाच माणसाचा, लष्करी अभियंते हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. लाल देऊळ पूर्ण झालेले पाहायला स्वतः ससून मात्र उरले नाहीत. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी सिनेगॉगच्या आवारात आहे.

बगदादी यहुदी आणि बेने इस्रायल, दोघांचा देव एक, शब्बाथ एक, तोरा एक. सुरुवातीला त्यांची प्रार्थनाही एकत्र होत असे. पण हे सख्य टिकले नाही. १८३६ मध्ये बगदादी मंडळींतल्या प्रमुखांनी सरकारकडे अर्ज केला की मुंबईच्या यहुदी दफनभूमीत त्यांच्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. जिवंतपणीचा दुरावा तर होताच. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. अनेक ठिकाणी बगदादी लोक बेने इस्रायल माणसाला या दहांत मोजत नसत आणि तोरा वाचायला पुढे बोलवत नसत. सांगितले जाणारे कारण धर्मशास्त्रीय होते : यांनी विवाह आणि घटस्फोटाचे नियम शतकानुशतके नीट पाळलेले नसतील, तेव्हा यांचा वंश शुद्ध कसा मानावा? न सांगितलेले कारण सरकारी होते. ब्रिटिश राज्यात ‘युरोपीय’ आणि ‘नेटिव्ह’ यांतली रेघ फार महाग होती. त्या रेघेच्या वरच्या बाजूला जागा मिळवू पाहणाऱ्या श्रीमंत बगदाद्याला मराठी बोलणारा, सावळा, तेल्याच्या कुळातला सहधर्मी शेजारी नको होता.

इथे एकतर्फी बोलून चालणार नाही. बेने इस्रायल समाजातही ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे भेद होते आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. जातीची हवा कोणत्या धर्माच्या घरात शिरली नाही?

या सगळ्यात एक व्यक्ती विलक्षण ठरते. जोसेफ इझिकेल राजपूरकर, जन्म १८३४, बेने इस्रायल. मिशनच्या शाळेत शिकलेले. १८५६ च्या सुमारास ते डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या बगदादी यहुद्यांच्या शाळेत शिक्षक झाले आणि १८६१ मध्ये मुख्याध्यापक. त्या पदावर ते सुमारे चाळीस वर्षे राहिले. मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले. प्रार्थनेच्या दहांत ज्या समाजाची मोजणी करायला बगदादी कचरत, त्याच समाजातला माणूस त्यांच्या मुलांना हिब्रू शिकवीत होता. आणि शाळेबाहेरच्या वेळात हाच माणूस हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करीत होता. अशी वीसहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. कोकणातून आलेल्या गिरणीकामगाराच्या किंवा कारकुनाच्या घरी योम किप्पुरच्या प्रार्थनेचा अर्थ कळू लागला, तो या पुस्तकांमुळे.

राजपूरकरांच्याच पिढीतले हाईम सॅम्युअल केहिमकर, जन्म १८३० चा. त्यांनी ओळखले की मिशनची शाळा कितीही चांगली असली तरी ती आपली नाही आणि ससूनची शाळा आपल्या मुलांसाठी काढलेली नाही. १८५३ मध्ये त्यांनी शिक्षणप्रसारासाठी एक मंडळ काढून पाहिले, ते फार चालले नाही. १८७५ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला आणि बेने इस्रायलांची स्वतःची शाळा मुंबईत सुरू झाली. पुढे लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनचे साहाय्य मिळाले, माझगावला स्वतःची जागा झाली. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू तिन्ही भाषा तिथे शिकवल्या जात. ‘इझ्रायलाइट स्कूल’ म्हणून वाढलेली ही संस्था विसाव्या शतकात हाँगकाँग-शांघायचे यहुदी उद्योगपती सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गंमत अशी की कदूरीही मूळचे बगदादचे.

या शाळेची इमारत चौकटीत लावण्यासारखी नाही. मनोरा नाही, घड्याळ नाही. मुंबईच्या जुन्या चित्रांच्या संग्रहात तिला कोणी विशेष मान देत नाही. पण दिवेकरांना कोचीनहून आणावी लागली असती ती विद्या इथे रोज सकाळी फळ्यावर लिहिली जाऊ लागली.

पुण्यातल्या बेने इस्रायलांचा या कथेतला वाटा छापखान्यातून दिसतो. पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री यहुदी घरांत ‘हगादा’ नावाची पोथी वाचतात. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची कथा तीत असते. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ मध्ये निघाली होती. १८७४ मध्ये पुण्यात दुसरी निघाली. मोझेस जेकब तळकर आणि ऍरन डॅनियल तळकर यांनी ती सिद्ध केली आणि छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. अग्निहोत्री आडनावाच्या गृहस्थाने हिब्रू-मराठी हगादा छापावी, यात त्या काळच्या पुण्याला काही वावगे वाटलेले दिसत नाही. तिच्या चित्रांत सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका आहेत, नेसलेल्या साड्यांत, जमिनीवर बसून काम करणाऱ्या. युरोपातल्या हगादांमधली चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा फरक एका दृष्टिक्षेपात कळेल. लाल देवळाच्या चित्राशेजारी टांगायला दुसरे एखादे चित्र हवे असेल, तर याहून योग्य मिळणे कठीण. पहिल्यात पुण्यातले यहुदी बाहेरून दिसतात, दुसऱ्यात स्वयंपाकघरातून.

पुण्याच्या बेने इस्रायलांनी पुढे रास्ता पेठेत आपले वेगळे सिनेगॉग बांधले. सुक्कथ शेलोमो, १९२१. लाल देवळापासून ते फार दूर नाही. लाल देऊळ इतके भव्य असताना हे कशाला, असा प्रश्न आता पडण्याचे कारण नाही.

शाळेचा परिणाम पाहायचा तर एक नाव पुरेसे आहे. डॉ. जेरुशा झिराड, जन्म १८९१ चा, बेने इस्रायल. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत, नंतर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, पुढे लंडनला. १९२८ ते १९४७ त्या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंग्रजी कवितेचे वाचक निसिम इझिकेल यांनाही याच समाजातले म्हणून ओळखतात. त्यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. बेने इस्रायलांना ख्रिस्ती करायला निघालेल्या विल्सनांच्या कॉलेजात, शंभर वर्षांनी, बेने इस्रायल प्राध्यापक.

तरीही १८३६ च्या अर्जातला प्रश्न मिटला नव्हता. १९३० च्या दशकात तो रंगूनच्या न्यायालयात गेला. तिथल्या सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्रायलांना मताचा अधिकार आहे की नाही, असा वाद होता. निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. त्याहून मोठा प्रसंग स्वातंत्र्यानंतर आला. भारतातला हा समाज तेव्हा सुमारे वीस हजारांचा होता. त्यांतले बहुसंख्य हळूहळू इस्रायलला गेले आणि तिथे त्यांच्या पुढ्यात तोच जुना प्रश्न उभा राहिला. मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांच्या कार्यालयाने १९६२ मध्ये निर्देश काढले की बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. निसिम जन्माने बगदादचे होते. बेने इस्रायलांनी १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, जाहीर केले की बेने इस्रायल सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत. त्यानंतर निर्देशांतून त्यांचा नामोल्लेख वगळला गेला.

त्या लढ्यात बेने इस्रायल रिकाम्या हातांनी उतरले नव्हते. माझगावच्या शाळेचे संस्थापक केहिमकर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात समाजाचा इंग्रजी इतिहास लिहिला होता. कोकणातल्या चालीरीती, आडनावे, विवाहविधी, सैन्यातल्या नोकऱ्या, दिवेकरांच्या कैदेची हकीकत, सारे त्यात नोंदले होते. बेने इस्रायलांच्या यहुदीपणाबद्दल शंका घेणाऱ्यांना ते सविस्तर उत्तर होते. हस्तलिखित १८९७ मध्ये तयार झाले, पण लेखकाच्या हयातीत ते छापले गेले नाही. १९३७ मध्ये, केहिमकरांच्या मृत्यूनंतर, इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांनी ते संपादून तेल अवीवला प्रसिद्ध केले. कोकणातल्या शनवार तेल्यांचा इतिहास अशा रीतीने त्यांच्यातले बहुतेक लोक इस्रायलला पोहोचण्याच्या आधीच तिथे पोहोचला होता.

आज भायखळ्याच्या मागेन डेव्हिडच्या आवारात सिनेगॉग आणि ससून घराण्याच्या शाळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. यहुदी मुले आता जवळजवळ उरलेली नाहीत. वर्गांत बसणारी मुले बहुतांशी आसपासच्या वस्तीतली मुसलमान आहेत. माझगावच्या शाळेतही तेच. लाल देवळाचा दरवाजा उघडायला आता पुण्यात मोजकी कुटुंबे आहेत आणि बगदादी-बेने इस्रायल हा भेद करण्याइतकी माणसेच शिल्लक नाहीत. दहांची मोजणी पूर्ण करायला जो येईल तो हवा असतो.

मांडवीत ‘जुनी मशीद’ अजून उभी आहे. मस्जिद स्थानकावर उतरले की ती पायी गाठता येते. पत्ता विचारताना सिनेगॉग म्हणावे. मशीद म्हटले, तर त्या भागात लोक भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतील.